लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड : कुठे अडतं, काय बदलता येतं, पैसे कशावर घालावेत

लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड काढून जागच्या जागी मोठं कार्ड बसवता येईल का? जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांपुरतं उत्तर 'नाही' असंच आहे. डेस्कटॉपसारखं स्लॉटमध्ये खोचलेलं कार्ड आत नसतं. ग्राफिक्सची चिप, तिच्या भोवतीची व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी) आणि तिला वीज पुरवणारे भाग हे सगळं मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. चिप-लेव्हल काम करणारा चांगला कारागीर मेलेली चिप उतरवून त्याच जातीची दुसरी चढवू शकतो. पण एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० च्या जागी आरटीएक्स ३०६० चढवणं शक्य नाही. पायांची मांडणी वेगळी, व्हीरॅमची जोडणी वेगळी, बोर्डवरचा वीजपुरवठा तेवढा भार पेलत नाही आणि बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामला) ती चिप ओळखता येत नाही. कुणी तसं करून देतो म्हणालं तर तिथून निघालेलं बरं. चिप नुसती गरम करून 'रिबॉल केली' (खालचे सोल्डरचे गोळे बदलले) म्हणून परत दिलेले लॅपटॉप काही आठवड्यांत पुन्हा काळी स्क्रीन दाखवतात, कारण बहुतेक वेळा दोष चिपच्या आतच असतो.

अपवाद मोजके आहेत. साधारण २०१० ते २०१७ च्या काळातले जाडजूड लॅपटॉप (क्लेव्होचे, एमएसआयची जीटी मालिका, जुने एलियनवेअर, डेल प्रिसिजन एम६८००, एचपी झेडबुक) यांत एमएक्सएम नावाचं सुटं मोड्यूल असतं. ते बदलता येतं, पण हीटसिंकची भोकं जुळली पाहिजेत, बायोसने कार्ड स्वीकारलं पाहिजे आणि कार्ड जुन्या बाजारातूनच शोधावं लागतं. आज त्यात पैसे घालण्यात अर्थ उरलेला नाही. दुसरा अपवाद फ्रेमवर्क लॅपटॉप १६. त्याचं ग्राफिक्स मोड्यूल मागच्या बाजूने सरकवून काढता येतं. आधी त्यात रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चं मोड्यूल आलं. बाकी सगळ्यांनी चिप आहे तीच राहणार हे धरून पुढचा विचार करायचा.

आणि विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. कारण बहुतेक लॅपटॉपांत आहे ती चिपसुद्धा पूर्ण ताकदीने चालत नसते. कुठे वीज कमी पडते, कुठे उष्णता अडवते, कुठे रॅमची एकच पट्टी असते, तर कुठे चित्र आडवाटेने स्क्रीनवर पोचत असतं.

नावावर जाऊ नका, वॅट बघा

आरटीएक्स ३०५० लॅपटॉप ही चिप ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कुठेही बांधलेली असू शकते. ४०५०, ४०६० आणि ४०७० लॅपटॉप या तिन्हींचा पट्टा ३५ ते ११५ वॅट. म्हणजे एका बारीक, देखण्या लॅपटॉपातली ४०६० आणि एका जाड लॅपटॉपातली ४०६० या कागदावर सख्ख्या बहिणी, पण खेळताना त्यांच्यात बराच फरक पडतो. पूर्वी कमी वॅटच्या चिपच्या नावामागे 'मॅक्स-क्यू' लिहिलेलं असायचं. ३००० मालिकेपासून ते नावातून गेलं, त्यामुळे आता आकडा स्वतः शोधावा लागतो.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन. तिथल्या यादीत 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीसमोर वॅट दिसतात. काही लॅपटॉपांत त्यात डायनॅमिक बूस्टचे वॅट धरलेले असतात. प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज ग्राफिक्सला देणारी ही सोय आहे, साधारण १५ ते २५ वॅटची. प्रोसेसरवरही ताण असेल तर ते वॅट मिळत नाहीत.

डेस्कटॉपच्या नावाशी तुलना करताना आणखी जपून. डेस्कटॉपची ४०७० म्हणजे १२ जीबी व्हीरॅम आणि ५८८८ कोअर. लॅपटॉपची ४०७० म्हणजे ८ जीबी आणि ४६०८ कोअर. लॅपटॉप ४०९० मध्ये १६ जीबी, डेस्कटॉपच्यात २४. यूट्यूबवर 'अमुक कार्डवर तमुक गेम सेकंदाला ९० फ्रेमने चालतो' असं बघून लॅपटॉप घेतलेल्यांची निराशा बहुतेक इथेच होते.

आधी निदान

तीन फुकट प्रोग्राम पुरतात : जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर (सोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरसह). आफ्टरबर्नरमधून स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसू द्या : ग्राफिक्सचा वापर टक्क्यांत, तापमान, घड्याळगती (क्लॉक स्पीड), वॅट, व्हीरॅमचा वापर, प्रोसेसरचा वापर आणि तापमान, फ्रेम. नेहमी अडखळणारा गेम चार्जर लावून निदान वीस मिनिटं खेळा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात, तोवर हीटसिंक तापलेलाच नसतो.

जीपीयू-झेड मागे चालू ठेवा आणि त्याच्या सेन्सर्स टॅबमधली 'परफकॅप रीझन' ही ओळ बघा. घड्याळगती कशामुळे थांबली ते ती रंगीत पट्ट्यांनी सांगते. 'पॉवर' दिसलं तर वॅटची मर्यादा गाठली आहे. 'थर्मल' दिसलं तर उष्णतेने अडवलं आहे. बहुतेक लॅपटॉप चिपा ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागतात. 'व्होल्टेज रिलायबिलिटी' म्हणजे चिप आपल्या नेहमीच्या टोकाला आहे, काळजीचं कारण नाही.

ग्राफिक्सचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्राफिक्सच कमी पडतंय. तो ५०-६० वर घोटाळत असेल आणि फ्रेमही कमी असतील, तर अडचण प्रोसेसरची, रॅमची किंवा गेममधल्या फ्रेम-मर्यादेची आहे. अशा वेळी ग्राफिक्सवर पैसे घालणं म्हणजे भलत्याच दुखण्यावर औषध. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, त्यांत हे हमखास दिसतं. फ्रेम चांगल्या, पण मधूनच अर्धा सेकंद चित्र थिजतं आणि व्हीरॅम काठोकाठ भरलेली, तर व्हीरॅम अपुरी आहे.

पैसे न लागणारी कामं

चार्जर मूळचाच लावा. बॅटरीवर कुठलाही गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्सला पूर्ण वॅट देत नाही, आणि यूएसबी-सीचा ६५ वॅटचा चार्जर लावला तरी तीच गत. १५०, १८० किंवा २३० वॅटचा जो मूळ अडॅप्टर आला असेल तोच हवा. जुना झालेला किंवा डुप्लिकेट अडॅप्टर लॅपटॉपला स्वतःची ओळख पटवू शकला नाही तर लॅपटॉप गुपचूप वॅट कमी करतो. सुरू होताना 'अडॅप्टर ओळखता आला नाही' असा संदेश येत असेल तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मग मोड. लेनोव्होच्या लीजनमध्ये एफएन आणि क्यू, असूसच्या बऱ्याच मॉडेलांत एफएन आणि एफ५, इतरांत कंपनीच्या ॲपमधून 'परफॉर्मन्स' मोड निवडा. हा मोड नुसते पंखे वाढवत नाही, ग्राफिक्सची वॅट-मर्यादाही बदलतो. 'सायलेंट' मोडमध्ये राहिलेला लॅपटॉप घेऊन कार्ड कमी पडतं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

गेम नक्की कोणत्या ग्राफिक्सवर चालतोय तेही तपासा. टास्क मॅनेजर (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप) उघडून परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ दिसतात. यांतला एक प्रोसेसरमधला. गेम चालू असताना तोच राबताना दिसला तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमच्या फाइलला 'हाय परफॉर्मन्स' द्या.

आता आडवाटेचा मुद्दा. बहुतेक लॅपटॉपांत मोठ्या ग्राफिक्सने काढलेलं चित्र आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे जातं आणि मग स्क्रीनवर. त्यात काही फ्रेम खर्ची पडतात, विशेषतः १०० फ्रेमच्या वर खेळताना. मक्स स्विच (मोठ्या ग्राफिक्सचं चित्र थेट स्क्रीनवर वळवणारी सोय) असेल तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये 'डिस्क्रीट ओन्ली' करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मक्स नसेल तर बाहेरचा मॉनिटर हा उपाय, पण पोर्ट योग्य हवं. कोणतं पोर्ट कुठे जोडलंय ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या फिजेक्सच्या पानावर आकृतीतून दिसतं. मॉनिटर लावून ते पान उघडा. मॉनिटरची रेघ जीफोर्सच्या खाली आली तर चित्र थेट जातंय. इंटेल किंवा एएमडीच्या खाली आली तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

व्हीरॅम वाढवता येत नाही, खर्च मात्र कमी करता येतो. ४ जीबी असेल तर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मीडियमवर आणा आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) बंद ठेवा. बाकी सेटिंग त्यानंतर. टेक्स्चर व्हीरॅममध्ये मावत असतील तोवर ती वाढवल्याने फ्रेम फारशा पडत नाहीत, मावेनाशी झाली की एकदम कोसळतात. म्हणून एकेक पायरी खाली येत वापराचा आकडा व्हीरॅमपेक्षा ३००-४०० एमबी खाली राहील तिथे थांबा. सावल्या, व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि प्रतिबिंबं यांचा भार चिपवर पडतो. व्हीरॅम पुरत असूनही फ्रेम कमी असतील तर त्यांना हात घाला. चित्र कमी रेझोल्यूशनवर काढून मोठं करणाऱ्या सोयींपैकी डीएलएसएस फक्त आरटीएक्सवर चालतं. जीटीएक्स १६५० वाल्यांनी एफएसआर किंवा एक्सईएसएस 'क्वालिटी'वर ठेवावं. १०८० पी स्क्रीनवर 'परफॉर्मन्स' ठेवलं तर चित्र इतकं पुसट होतं की त्यापेक्षा सेटिंग खाली आणलेली बरी.

काही दारं मात्र कोणत्याही सेटिंगने उघडत नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) आणि डूम : द डार्क एजेस (२०२५) यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. १६५० वर ते खेळायची आशा सोडलेली बरी.

रॅम : सर्वांत स्वस्त अपग्रेड

लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स नसेल, फक्त इंटेल आयरिस एक्सई किंवा रायझनमधलं व्हेगा असेल, तर हा भाग सर्वांत महत्त्वाचा. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपचीच रॅम वापरतं. एकच पट्टी असेल तर त्याची वाट अर्धीच उघडी असते. दुसरी पट्टी टाकली की अनेक गेममध्ये फ्रेम तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त वाढतात. गंमत म्हणजे ज्या लॅपटॉपवर आयरिस एक्सईचं स्टिकर आहे त्यात एकच पट्टी असेल, तर डिव्हाइस मॅनेजर त्याच ग्राफिक्सला नुसतं 'इंटेल यूएचडी' म्हणतो. दुसरी पट्टी बसवल्यावर नाव आपोआप आयरिस एक्सई होतं.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केल्यावर 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं : २ पैकी १, किंवा २ पैकी २. त्यावर पूर्ण विसंबू नका, बोर्डवर सोल्डर केलेली रॅमही तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते. मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल शोधून खात्री करा. रॅम एलपीडीडीआर प्रकारची असेल तर ती जवळपास नेहमी सोल्डर केलेलीच, तिथे विषय संपला.

पट्टी घेताना प्रकार जुळला पाहिजे. डीडीआर४ ची लॅपटॉप पट्टी २६० पिनांची, डीडीआर५ ची २६२ पिनांची, आणि खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची दुसऱ्यात बसत नाही. आत ८ असेल तर ८ च घाला. ८ आणि १६ लावलेत तर पहिले १६ जीबी दुहेरी मार्गाने चालतात, उरलेले ८ एकेरी. चालतं, पण एकसारखं नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे वापरलेली पट्टी घेण्याचा मोह होईल. घेतलीत तर मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा चालवा, एकही चूक दिसली तर परत करा.

रायझनच्या काही लॅपटॉपांत बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइझ' (ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची रॅम) मिळतो. तो ५१२ एमबीवरून २ जीबी केल्याने वेग फारसा वाढत नाही, पण 'पुरेशी व्हीरॅम नाही' म्हणून सुरूच न होणारे काही गेम सुरू होतात. एकूण रॅम ८ च असेल तर याला हात लावू नका, विंडोज उपाशी राहील.

उष्णता

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे नेहमीचंच. एसीच्या २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारी चिप तिथल्या खोलीत पंखे पूर्ण फिरूनही नव्वदीकडे सरकते, कारण हीटसिंक हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. खालून वारा फेकणाऱ्या कूलिंग पॅडपेक्षा ही उंची जास्त कामाची, हे आमचं मत. गादीवर ठेवून खेळणाऱ्यांना बाकीचं वाचून उपयोग नाही.

दोन वर्षांहून जुना लॅपटॉप असेल आणि 'थर्मल' दिसत असेल तर तो उघडून साफ करावा. वॉरंटी चालू असल्यास आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, काही कंपन्या स्क्रूवरच्या सीलवरून वाद घालतात.

मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, आधी ती बदला. पंख्याची पाती बोटाने धरूनच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं. जाळीच्या आतल्या बाजूला पंखा आणि हीटसिंकच्या चकत्या यांच्यामध्ये धुळीची जी नमद्यासारखी पट्टी साचते ती बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही. पंखा सोडवून चिमट्याने ओढून काढावी लागते. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तीच असते.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. लावताना आकड्यांच्या क्रमाने, तेही दोन फेऱ्यांत. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. त्यामुळे मधोमध ठिपका ठेवून भागत नाही. पातळ थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला सरकते आणि तापमान पुन्हा चढतं, म्हणून घट्ट पेस्ट किंवा पीटीएम७९५० हा तापल्यावर मऊ होणारा पॅड घ्या. पॅड फ्रिजमध्ये थोडा गार केला की त्याचं प्लॅस्टिक न फाटता निघतं. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं; एक थेंब चिपच्या कडेला सांडला की बोर्ड गेला.

व्हीरॅमवरचे थर्मल पॅड धड असतील तर तसेच ठेवा. फाटले तर मूळ जाडीचेच घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा बसवला की हीटसिंक अधांतरी राहतो, चिपला टेकतच नाही, आणि नवी पेस्ट लावूनही लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो. पेस्ट बदलल्यावर तापमान वाढलं अशी तक्रार असली की सर्वांत आधी हेच तपासावं.

त्यानंतर अंडरव्होल्ट. वॅट-मर्यादा ठरलेली असताना प्रत्येक घड्याळगतीला कमी व्होल्टेज दिलं, तर त्याच वॅटमध्ये चिप जास्त वेगाने चालते. म्हणून कमी वॅटच्या लॅपटॉपात याचा फायदा जास्त. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा. आधी कोअर क्लॉकचा सरकपट्टी-आकडा उणे २५० करून सगळा आलेख खाली आणा. मग ८५० मिलीव्होल्टवरचा ठिपका उचलून १७५० मेगाहर्ट्झवर नेऊन अप्लाय करा. त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट होतो. हे आकडे ३००० मालिकेसाठी सुरुवातीचे, पुढे प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा. गेम डेस्कटॉपवर फेकला गेला किंवा ड्रायव्हर बंद पडला तर ३० मेगाहर्ट्झ खाली या. निदान आठवडाभर वेगवेगळे गेम सुरळीत चालल्याशिवाय 'विंडोजसोबत लागू करा' ही खूण करू नका. ग्राफिक्सला यातून इजा होत नाही, फार तर गेम बंद पडतो.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच हीटपाइपवर असतील तर प्रोसेसरला आवर घातल्याने ग्राफिक्सलाही जागा मिळते. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केला की टर्बो बंद होतो. ग्राफिक्सवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम जवळपास तेवढ्याच राहून तापमान झपकन उतरतं. प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये मात्र फ्रेम पडतील, तिथे हे करू नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून फ्रेम ६० वर बांधणं हाही चांगला उपाय. स्क्रीनच ६० हर्ट्झची असेल तर वरच्या फ्रेम नुसती उष्णता.

बाहेरून कार्ड जोडणं

इथे खरं मोठं कार्ड लावता येतं, पण वाट कोणती आहे त्यावर सगळं ठरतं.

पहिली वाट थंडरबोल्ट ३ किंवा ४, आणि यूएसबी४. प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट म्हणजे थंडरबोल्ट नव्हे. पोर्टजवळ विजेची खूण शोधा आणि मॉडेलच्या माहितीत खात्री करा. ४० गिगाबिटच्या या वाटेत ग्राफिक्सच्या वाट्याला कागदावर जास्तीत जास्त ३२ गिगाबिट येतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. काही जुन्या लॅपटॉपांत चारऐवजी दोनच लेन (डेटाच्या मार्गिका) दिलेल्या आहेत, तिथे हाल होतात. फायदा हा की लॅपटॉप उघडावा लागत नाही : पेटी, आत पॉवर सप्लाय, कार्ड खोचा, एक केबल.

दुसरी वाट एम.२ स्लॉटमधून ऑक्युलिंक, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची वाट केबलने बाहेर आणणारी जोडणी. एनव्हीएमई एसएसडी बसते त्याच स्लॉटमध्ये अडॅप्टर बसतो. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या चार लेन मिळाल्या तर ६४ गिगाबिट, म्हणजे थंडरबोल्टच्या दुप्पट वाट. आणि खर्चही कमी. फक्त झाकण थोडं उघडं ठेवावं लागतं किंवा केबलपुरतं कापावं लागतं. लॅपटॉप एका जागी टेबलावर राहणार असेल तर आमची पसंती हीच.

त्यासाठी लागणारं सामान : एम.२ ते ऑक्युलिंक अडॅप्टर, ५० सेंटिमीटरची ऑक्युलिंक केबल, ऑक्युलिंकचं पॉवर सप्लाय जोडता येणारं डॉक, ५००-६०० वॅटचा नामांकित एटीएक्स पॉवर सप्लाय आणि कार्ड. स्लॉट एनव्हीएमईचा हवा. फक्त साटा चालणाऱ्या एम.२ स्लॉटवर काही दिसणार नाही. वायफायच्या स्लॉटमध्ये एकच लेन असते, तीही सोडा. एकच एनव्हीएमई स्लॉट असेल तर विंडोज आधी २.५ इंची साटा एसएसडीवर हलवावं लागेल.

कार्ड निवडताना बारीक वाट लक्षात ठेवा. व्हीरॅम भरली की कार्ड लॅपटॉपच्या रॅमकडे धाव घेतं, आणि या वाटेवर ती धाव महागात पडते. म्हणून ४ जीबीचं कार्ड घेऊच नका, ८ च्या खाली जाऊ नका. वापरलेली १२ जीबीची आरटीएक्स ३०६० या कामाला चांगली. इंटेल आर्क कार्ड रीसाइझेबल बारवर (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणाऱ्या सोयीवर) फार अवलंबून आहे आणि बाहेरच्या जोडणीत ते मिळेलच असं नाही, त्यामुळे ते टाळा.

जोडणी : लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅटरीचा कनेक्टर काढा, अडॅप्टर बसवा, केबल लावा. कार्डला पॉवर सप्लायमधली 'पीसीआयई' लिहिलेलीच ८ पिनांची वायर द्या. शेजारची 'सीपीयू' लिहिलेली ८ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिचे व्होल्ट उलट बाजूंना असतात. जोर लावून बसवली तर कार्ड जळतं. मॉनिटर थेट कार्डला लावा. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर चित्र परत आणलं तर तीच बारीक वाट दोन्ही बाजूंनी वापरली जाते आणि फ्रेम घसरतात. आधी डॉकची वीज सुरू, मग लॅपटॉप. ऑक्युलिंकची केबल चालू लॅपटॉपमधून कधीही ओढू नका, थंडरबोल्टसारखी ती चालू असताना काढण्या-घालण्यासाठी नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस' बघा. तिथे 'एक्स१६ ४.० @ एक्स४ ४.०' असं हवं. 'एक्स४ १.१' दिसलं तर घाबरू नका, कार्ड रिकामं असताना वाट मुद्दाम मंदावते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून चाचणी चालवली की खरा आकडा येतो. चाचणीतही एक्स१ आला तर केबल किंवा अडॅप्टर नीट बसलेला नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १२' म्हणजे कार्डाला पत्त्यांची जागा अपुरी. लॅपटॉपमधलं वेगळं ग्राफिक्स तिथेच डिसेबल करून पुन्हा सुरू करा. बायोसमध्ये 'अबोव्ह ४जी डिकोडिंग' असेल तर तेही चालू करा. 'कोड ४३' आला, किंवा ओझं पडताच स्क्रीन काळी होत असेल, तर बहुतेक वेळा केबलवर सिग्नल तुटतोय. छोटी केबल लावा किंवा बायोसमध्ये त्या स्लॉटला जेन ३ (पीसीआय एक्सप्रेस ३.०) वर बांधा. वेग थोडा जातो, पण गेम चालू राहतो. एएमडीवरून एनव्हिडियावर जाताना आधी सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसा.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर गेमसाठी हा मार्ग नाही. ॲपलने बाहेरच्या कार्डाचा आधार इंटेल मॅकपुरताच ठेवला.

पेटीचा हिशेब आणि नवा लॅपटॉप

थंडरबोल्टची पेटी, पॉवर सप्लाय, कार्ड आणि मॉनिटर यांची बेरीज करून बघा. बहुतेक वेळा त्यात आणखी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढी भर घातली की आख्खा डेस्कटॉप होतो, आणि त्यात कार्ड पूर्ण १६ लेनवर चालतं. लॅपटॉपचा प्रोसेसर चार कोअरचा, १५ वॅटचा असेल तर बाहेरचं मोठं कार्ड त्याच्याच दारात थांबून राहील. अशा लॅपटॉपला पेटी घेऊच नये. घरात आधीच एक डेस्कटॉप असेल तर त्यावर सनशाइन (गेमचं चित्र नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्राम) आणि लॅपटॉपवर मूनलाइट (ते दाखवणारा) टाका, डेस्कटॉप राउटरला लॅन केबलने जोडा आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा. जुन्या यूएचडी ग्राफिक्सच्या लॅपटॉपवरही तो गेम ६० फ्रेमने खेळता येतो.

नवा लॅपटॉपच घ्यायचा ठरला तर दुकानात चार गोष्टी विचारा : ग्राफिक्सचे कमाल वॅट, व्हीरॅम, मक्स स्विच, आणि रॅमला दोन स्लॉट आहेत की ती सोल्डर केलेली आहे. ९५ वॅटची ४०५० आणि ५० वॅटची ४०६० एकाच किमतीत समोर असेल तर पडताळणी केल्याशिवाय मोठ्या नावाकडे जाऊ नका. त्या मॉडेलची वीस मिनिटांच्या खेळानंतरची फ्रेम दाखवणारी चाचणी शोधा. वॅटचा आकडा विक्रेत्याला सांगता आला नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक पानावर तळटीपेत बघा, बहुतेक वेळा तो तिथेच असतो.

वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेताना विक्रेत्यासमोर फरमार्क हा ग्राफिक्सवर ताण टाकणारा प्रोग्राम पंधरा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो शेजारी उघडा ठेवा. ग्राफिक्सचं हॉटस्पॉट तापमान सरासरीपेक्षा २० अंशांहून वर असेल तर पेस्ट सुकलेली किंवा हीटसिंक तिरका बसलेला. भाव पाडायला ते पुरेसं कारण आहे. चित्रात रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर व्हीरॅम चाललीय, तो लॅपटॉप निम्म्या किमतीतही घेऊ नका.